मानधन : मान किती, धन किती?

मागच्या श्रावणातली गोष्ट. दुपारची जेवणं आटोपली होती. ओटा पुसून मी जरा पाठ टेकणार, तेवढ्यात दारातून हाक आली, "वहिनी, आहात का घरात?" बघते तर आमच्या भागातल्या अंगणवाडीच्या ताई. एरवी ह्या वेळेला त्या कुणाच्या घरी टेकत नाहीत. रजिस्टरं तरी लिहीत असतात, नाहीतर गृहभेटीला तरी गेलेल्या असतात. चेहरा उतरलेला होता. मी पाणी दिलं, चहा टाकला. कप हातात तसाच धरून त्यांनी एकदम विचारलं, "वहिनी, तुम्ही बी.ए. झालेल्या. ऑनररियम म्हणजे काय हो?"

"मानधन," मी म्हटलं.

"ते मलाही ठाऊक आहे. बावीस वर्षं तेच घेतेय. पण म्हणजे काय?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ताईंच्या धाकट्या लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. फीसाठी कर्ज काढावं म्हणून त्या एका बँकेत गेल्या. फॉर्म भरताना व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी 'नोकरी' असं लिहिलं. टेबलापलीकडच्या साहेबांनी पगाराची स्लिप मागितली. ताईंनी पासबुक पुढे केलं, नोंदी दाखवल्या. साहेब काही वाईट बोलले नाहीत. उलट नीट समजावून सांगितलं, "ताई, हा पगार नाही, ऑनररियम आहे. ही नोकरी धरता येत नाही. तुम्ही इथं 'गृहिणी' लिहा आणि मिस्टरांच्या उत्पन्नाचा दाखला आणा."

"मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली, वहिनी," ताई म्हणाल्या. "आणि गृहिणी लिहायची मला लाज नाही. पण मग बावीस वर्षं मी रोज सकाळी उठून कुठं जात होते?"

मैत्रिणींनो, ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वतः गृहिणी. घर सांभाळून महिला मंडळाचं, बचत गटांचं काम करते. मंडळाच्या हिशेबाच्या वहीत 'मानधन' हा शब्द मीच कितीदा तरी लिहिलाय. पण तो कुठून आला, कुणासाठी तयार झाला, हे कधी मनातही आलं नव्हतं. ताई गेल्या आणि मी माळ्यावरचा जाडजूड इंग्रजी शब्दकोश खाली काढला. तेवढ्यानं भागेना, तेव्हा आमच्या गावातल्या निवृत्त सरांकडे गेले. सरांनी हायस्कूलात इंग्रजी आणि संस्कृत दोन्ही शिकवलेलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बसा. मोठी गोष्ट आहे."

खरंच मोठी निघाली.

ऑनररियम हा शब्द ऑनर ह्या शब्दाच्या घरातला. ऑनर म्हणजे मान, सन्मान. शाळेत आपण स्पेलिंग पाठ करायचो तेव्हा गंमत वाटायची, सुरुवातीला एच लिहायचा पण म्हणायचा नाही. ह्याचं कारण हा शब्द इंग्रजीत आला तो फ्रेंचांच्या हातून, आणि फ्रेंच लोक तो एच म्हणत नसत. त्याचं मूळ घर मात्र लॅटिन, म्हणजे जुन्या रोमन लोकांची भाषा. तिथं 'होनॉर' म्हणजे मान, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ अधिकाराचं पद. रोममध्ये एकेक पायरी चढत मोठ्या पदाला जायचं, त्या सगळ्या जिन्याला ते 'मानाचा मार्ग' म्हणत. ऑनरेबल, म्हणजे आपल्या पत्रिकेवरचं 'मा.' किंवा 'माननीय', हा त्याच घरातला. ऑनररी म्हणजे मानद, तोही. आणि ऑनेस्ट, म्हणजे सचोटीचा, प्रामाणिक, हाही त्याच कुळातला. मान आणि सचोटी सख्ख्या बहिणी आहेत, हे मला फार आवडलं.

आता आपला ऑनररियम. सर म्हणाले, "ओळखा बघू, रोममध्ये हे पैसे कोण कुणाला द्यायचं?" मी म्हटलं, "सरकार देत असणार, काम करणाऱ्याला." सर हसले. म्हणाले, "उलट! ज्याला मानाचं पद मिळालं, तोच पैसे द्यायचा."

रोमन साम्राज्यात गावोगावी नगरसभा असत. तिथं सभासद म्हणून किंवा अधिकारी म्हणून निवड झाली, की त्या माणसानं गावाच्या तिजोरीत ठरलेली रक्कम भरायची. तुम्ही मला मान दिलात, त्याबद्दल ही भेट. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला प्लिनी नावाचा एक अधिकारी बिथिनिया प्रांतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, कारभार बघत होता. सगळ्या नव्या सभासदांकडून ही रक्कम घ्यायची का, असं त्यानं सम्राट ट्राजन ह्याला पत्र लिहून विचारलं. सम्राटानं उत्तर पाठवलं, की सगळ्या प्रांताला एकच नियम मी घालून देऊ शकत नाही, ज्या त्या गावाच्या कायद्याप्रमाणे चालावं. ती दोन्ही पत्रं आजही वाचायला मिळतात, आणि सम्राटाच्या उत्तरात ह्या रकमेला शब्द वापरलाय तो हाच, ऑनररियम!

म्हणजे बघा, पैसे देणारा श्रीमंत, जमीनजुमला असलेला. त्याला पैसा नको होता, मान हवा होता, आणि त्या मानासाठी तो खिशातून पैसे मोजत होता. मला आपल्याकडच्या जत्रेतल्या मानकऱ्यांची आठवण झाली. पालखीचा पहिला मान ज्या घराला, त्या घरानंच हात सैल सोडायचा असतो.

मग हे पैसे उलट दिशेनं कधी वाहायला लागले? त्याचीही गोष्ट आहे. रोममध्ये कोर्टात दुसऱ्याची बाजू मांडणारे वकील बहुधा मोठ्या घरातले असत. हातानं काम करून मजुरी घेणं त्यांच्या दृष्टीनं हलकं. वकिली करायची ती नावासाठी, ओळखीपाळखीसाठी, पुढच्या निवडणुकीतल्या मतांसाठी. इसवी सनापूर्वी २०४ मध्ये तर कायदाच झाला, की वकिलांनी बाजू मांडण्याबद्दल पैसा किंवा भेट घ्यायची नाही. पण कायदा कागदावर राहिला. पुढं क्लॉडियस सम्राटाच्या काळात, इसवी सन ४७ मध्ये, एका वकिलानं चार लाख नाणी घेऊन अशिलालाच दगा दिला आणि त्या अशिलानं त्याच्या घरी जाऊन जीव दिला. मोठा गदारोळ झाला. जुना कायदा पुन्हा लावा, अशी मागणी झाली. तेव्हा दुसऱ्या बाजूचे काही जण उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं, की मान पुरे हे बोलणं ज्यांच्याकडे इस्टेटी आहेत त्यांना सोपं आहे. आम्ही साधी माणसं. दुसऱ्याचं काम करताना आमचं घरचं काम मागं पडतं. आम्ही खायचं काय?

सम्राटाला ते पटलं. त्यानं दहा हजार नाण्यांपर्यंत घ्यायला मुभा दिली. मजुरी म्हणायचं नाही, पण द्यायचं. मानाच्या माणसाला दिलेल्या अशा पैशालाही पुढं ऑनररियम म्हणू लागले.

"आम्ही खायचं काय?" हा प्रश्न ऐकला आणि माझ्या डोळ्यांपुढं आमच्या ताई उभ्या राहिल्या. जवळजवळ दोन हजार वर्षांचं अंतर, पण प्रश्न तोच. फरक एवढाच, की त्यांचा प्रश्न सम्राटानं ऐकला.

इंग्रजीत हा शब्द शिरला सतराव्या शतकात. इंग्लंडमधल्या बॅरिस्टरांनी तो अगदी डोक्यावर घेतला. बॅरिस्टरची फी म्हणजे मजुरी नव्हे, मानधन. त्यांच्या काळ्या झग्याला पाठीमागं एक लहानशी पिशवी लोंबते. बॅरिस्टरला पैशाकडे बघावं लागू नये म्हणून अशील मागून गुपचूप त्यात नाणी टाकायचा, अशी कथा तिकडं सांगतात. कथा खरी असो नसो, नियम मात्र खरा होता. फी मिळाली नाही, तर बॅरिस्टरला कोर्टात दावा लावता येत नसे. कारण मानधन ही भेट आहे, आणि भेट मागता येत नाही. तिथला हा नियम १९९० च्या कायद्यानं बदलला.

इथं मी सरांना थांबवलं. म्हटलं, "सर, हेच! हीच गाठ आहे." पगार मागता येतो, मानधन मागता येत नाही. पगार हा मुळात पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आलेला शब्द, पण त्यात हक्क आहे. मजुरीतही हक्क आहे. म्हणून तर मजुरीचा किमान दर ठरतो, त्यासाठी कायदा होतो. मानधन म्हटलं, की देणारा वर आणि घेणारा खाली. दिलं ते गोड मानून घ्यायचं.

आपल्याकडे इंग्रजांच्या राज्यात ऑनररी मॅजिस्ट्रेट असत. गावातली बडी धेंडं ती. मुंबईच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत ऑनररी डॉक्टर असत. सकाळी तिथं गरिबांना तपासायचं, शिकाऊ डॉक्टरांना शिकवायचं आणि संध्याकाळी स्वतःचा दवाखाना. त्यांनी फार मोठी सेवा केली, त्याबद्दल आदरच आहे. पण त्यांची चूल त्या मानावर पेटत नव्हती. ती आधीच पेटलेली होती. हा शब्द शिवलाच होता तशा लोकांच्या मापानं.

आणि तोच सदरा मग आपल्या बायकांच्या अंगावर चढवला गेला.

२ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तीच आपली अंगणवाडी. सहा वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, बाळंतीण, सगळ्यांची काळजी. गावातलीच एखादी बाई दिवसातले थोडे तास समाजासाठी देईल, म्हणून ती 'मानद कार्यकर्ती' आणि तिला मिळणारं ते मानधन. पण थोडे तास राहिले का? मुलांची वजनं घ्यायची, उंची मोजायची, आहार द्यायचा, लसीकरणाला बायकांना गोळा करायचं, घरोघर फिरायचं, सर्वेक्षणं करायची, रजिस्टरं भरायची. २०२१ पासून तर मोबाईलवर पोषण ट्रॅकर आला. रेंज मिळत नाही म्हणून आमच्या ताई गच्चीवर जाऊन माहिती भरताना मी स्वतः पाहिल्यात. करोनात दारोदार फिरणाऱ्या याच होत्या. केंद्र सरकारनं सेविकांच्या मानधनातला आपला वाटा २०१८ च्या ऑक्टोबरपासून तीन हजारांवरून साडेचार हजार केला आणि मदतनिसांचा दीड हजारावरून सव्वादोन हजार. राज्यं त्यात आपापली भर घालतात. ती वाढावी म्हणून आपल्या महाराष्ट्रातल्या सेविका डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत थंडीवाऱ्यात संपावर होत्या.

आशाताईंचीही तीच तऱ्हा. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यात आशा आल्या. त्या तर नावानंच 'स्वयंसेविका'. कामागणिक मोबदला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. टीव्हीवर बातमी बघून आमच्या भागातल्या आशाताईंना मी पेढा दिला. त्या म्हणाल्या, "काकू, मान तर लई मोठा मिळाला. धनाचं काय ते बघा आता." हसून म्हणाल्या, पण म्हणाल्या.

कोर्टातही हा शब्द दोनदा तराजूत पडला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अंगणवाडी सेविका म्हणजे सरकारी पद नव्हे. त्यामुळे सरकारी नोकरांचे हक्क त्यांना नाहीत. मग २५ एप्रिल २०२२ ला त्याच न्यायालयात दुसरा निकाल लागला, ग्रॅच्युइटीबद्दल. गुजरातमधल्या सेविका आणि मदतनिसांची ती लढाई होती. न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक ह्यांच्यापुढे ती चालली. न्यायालयानं म्हटलं, की ह्या बायकांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू आहे आणि त्यांना मिळणारं मानधन हे त्या कायद्याच्या अर्थानं वेतनच आहे. हे अर्धवेळ काम आहे, हेही न्यायालयानं मानलं नाही. सरकारांनी ह्यांच्या अवस्थेकडे गंभीरपणे बघण्याची वेळ आली आहे, असंही सुनावलं. ग्रॅच्युइटीचा साधा हिशेब असा, की कमीत कमी पाच वर्षं सेवा झाली, तर प्रत्येक वर्षामागं पंधरा दिवसांचं वेतन. आमच्या ताईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी बोटांवर बावीस मोजले आणि गप्प बसल्या.

आता एक कबुली द्यायची आहे. सरकारवर बोट दाखवणं सोपं असतं. सरांच्या घरून परत येताना माझंच एक बोट माझ्याकडे वळलं. आदल्या वर्षी आमच्या मंडळानं पंधरा दिवसांचा शिवणवर्ग घेतला होता. शिकवायला गावातल्याच एक बाई आल्या. रोज दोन तास, स्वतःची कात्री, स्वतःचे कागद. शेवटच्या दिवशी कार्यक्रम झाला. मांडववाल्याचं बिल दिलं, माईकवाल्याचं दिलं, चहा-नाश्त्याचं दिलं. त्यांनी एक रुपया सोडला नाही आणि आम्हीही मागितला नाही. आणि शिकवणाऱ्या बाईंना? शाल, नारळ, गुलाबाचं फूल आणि टाळ्या. भाषणात मीच म्हटलं होतं, "बाईंच्या कामाचं मोल पैशात करून आम्हाला त्यांचा अपमान करायचा नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मान खाली घालून नारळ घेतला. त्या महिन्यात त्यांच्या यजमानांची गिरणीची नोकरी गेलेली होती, हे मला नंतर कळलं. पंधरा दिवस त्यांनी स्वतःची शिवणाची गिऱ्हाइकं परत पाठवली होती.

बायकांच्या कामाचं मोल पैशात करायचं नाही, असं आपण म्हणतो, तेव्हा खरं म्हणजे आपल्याला पैसे द्यायचे नसतात. हे मी स्वतःवरूनच सांगते.

सरांनी शेवटी जे सांगितलं ते ऐका. 'मानधन' हा शब्द आपण ऑनररियमसाठी वापरतो, पण संस्कृतात तो फार जुना आहे आणि त्याचा अर्थ निराळाच आहे. शाळेतले समास आठवतात ना? आपण मानधन म्हणतो म्हणजे मान म्हणून दिलेलं धन. संस्कृतात तो बहुव्रीही. मान हेच ज्याचं धन आहे, असा मनुष्य. भारवी नावाच्या कवीच्या 'किरातार्जुनीय' काव्यात वनवासातल्या युधिष्ठिराचा हेर येऊन दुर्योधनाच्या राज्याची खबर सांगतो. दुर्योधनाकडच्या धनुर्धरांबद्दल बोलताना तो हाच शब्द वापरतो. मान हेच धन मानणारे ते वीर, प्राण देऊनही त्याचं भलं करू बघतात. पण लगेच पुढचाच शब्द असा, की धन देऊन त्यांचा सत्कार केलेला आहे!

सर म्हणाले, "दुर्योधनालासुद्धा कळत होतं. स्वाभिमानी माणसाला मान द्यायचा म्हणजे त्याचं धन बुडवायचं नसतं."

ताईंच्या लेकीची फी शेवटी कशी भरली, ते सांगते. पहिला हप्ता आमच्या बचत गटाच्या कर्जातून. दुसऱ्या वेळी ताई बँकेत गेल्या तेव्हा मी बरोबर होते. व्यवसायाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नोकरी नको, गृहिणीही नको. जे आहात ते लिहा." त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'अंगणवाडी सेविका, सेवा २२ वर्षे'. साहेबांनी फॉर्म वाचला, ह्या खेपेला परत दिला नाही. वर विचारून सांगतो म्हणाले. महिन्यानं निम्मी रक्कम मंजूर झाली. लेक आता पहिल्या वर्षाला आहे.

आणि शिवणाच्या बाईंकडे मी जाऊन आले. उशिरा का होईना, पंधरा दिवसांचे पैसे मंडळाच्या पैशांतून पाकिटात घालून दिले. पाकिटावर काय लिहायचं, ह्यावर आमच्या बैठकीत अर्धा तास चर्चा झाली. मानधन लिहा, कुणी म्हणालं. भेट लिहा, दुसरी म्हणाली. शेवटी खजिनदारांनी लिहिलं, 'शिकवण्याचे पैसे'. बाईंनी पाकीट उघडून मोजले. पाहुण्यांसमोर मोजत नाहीत तसं नाही, मजूर मोजतो तसे, सावकाश, एकेक नोट. मला बरं वाटलं.

तुमच्याही गावात संक्रांतीचं हळदीकुंकू होईल, महिला दिन होईल. कुणी गायला येईल, कुणी रांगोळी शिकवायला, कुणी आरोग्यावर बोलायला. शाल जरूर द्या. नारळ द्या, ओटी भरा. पण बोलावतानाच विचारा, "तुमचे किती घ्याल?" पहिल्यांदा विचारताना जीभ जड होते. मीही अडखळले होते. समोरची बाई तर त्याहून अडखळते, कारण तिला हे कुणी कधी विचारलेलंच नसतं.